बारकी, मोठा आणि मधली

आमच्या हॉलमध्ये भिंतीला लागून माशांची सहा फुटी टाकी आहे. तिच्यात जॅग्वार सिक्लिड या भांडखोर माशाची एकच जोडी राहते. नर चौदा इंच, मादी साडेनऊ. टाकीच्या मध्ये जाळी, जाळीला एक खिडकी. खिडकीतून मादी ये-जा करते, नर मावत नाही. एवढी साधी मांडणी सुचायला मला दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांत दोन मासे माझ्या हातून मरता मरता वाचले. जॅग्वार, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न असे सिक्लिड कुळातले मोठे मासे आता डोंबिवली-कल्याणमध्ये घरोघरी दिसतात. जोडी लावायची म्हणून कुणी दोन मासे एका टाकीत सोडणार असेल, तर त्याआधी त्याने हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

जून २०१९ मध्ये मी कुर्ल्याच्या बाजारातून जॅग्वारची सहा पिल्लं आणली. दोन-दोन इंचाची, चंदेरी अंगाची, कुशीवर काळ्या ठिपक्यांची रांग. रविवारची सकाळ, लोकलला गर्दी कमी, पिशवी मांडीवर धरून डोंबिवलीपर्यंत आलो. विकणाऱ्याला विचारलं होतं, यात नर किती, मादी किती? तो म्हणाला, "साहेब, वाढू द्या. मोठा होईल तो नर, बारीक राहील ती मादी. साधा हिशेब आहे." मला तो पटला. वाचलेल्या माहितीशीही जुळत होता. जॅग्वारचा नर खरोखरच मादीपेक्षा बराच मोठा होतो, त्याचे पाठीचे आणि गुदाजवळचे पर मागे टोकदार लांबतात, अंगावरचे ठिपके फुटून बारीक नक्षी होते. मादी आखूड राहते आणि तिच्या कुशीवरचे मोठे काळे डाग बऱ्याच अंशी टिकून राहतात.

हे सगळं खरं आहे. पण ते पूर्ण वाढलेल्या, पोटभर खाल्लेल्या आणि मार न खाल्लेल्या माशाला लागू पडतं. ही अट मला कुणी सांगितली नव्हती.

एक पिल्लू पहिल्याच महिन्यात गेलं. उरलेल्या पाचांमध्ये दिवाळीपर्यंत स्पष्ट उतरंड तयार झाली. एक सगळ्यांच्या पुढे, त्याला आम्ही मोठा म्हणू लागलो. एक सगळ्यात लहान, फिकी, कायम हीटरच्या मागे. ती बारकी. मधल्या तिघांकडे माझं फारसं लक्ष नव्हतं. मला जोडी मिळाली होती! चार फुटी टाकीत पाच जॅग्वार मावणार नाहीत हे दिसतच होतं, म्हणून फेब्रुवारी २०२० मध्ये मधले तिघं कल्याणच्या एका काकांना देऊन टाकले. काका तीस-पस्तीस वर्षं मासे पाळतात. त्यांनी विचारलं, "उरलेली जोडीच आहे हे कशावरून?" मी म्हटलं, आकारावरून. ते काही बोलले नाहीत.

मग टाळेबंदी लागली. दुकानं बंद, गोळ्यांचं खाद्य संपलं, बाजारातून मिळेल तेव्हा कोळंबी आणून सोलून बारीक तुकडे करून घालत होतो. मी दिवसभर घरी असल्यामुळे टाकीत काय चालतं ते पहिल्यांदाच नीट बघायला मिळालं. मोठा बारकीला खाऊ देत नसे. तुकडा तिच्या दिशेने गेला की तो मध्ये यायचा. ती पुढे आली की कल्ले फुगवून, जबडा उघडून तिच्या अंगावर जायचा. मी बायकोला सांगायचो, जोडी जुळण्याआधी नर असंच करतो. मेच्या एका सकाळी बारकी टाकीच्या कोपऱ्यात वरच्या बाजूला तोंड करून उभी दिसली. शेपटीचा अर्धा पर नव्हताच. उजव्या कुशीवरचे खवले गेले होते आणि खालची कातडी गुलाबी दिसत होती.

तिला जुन्या तीन फुटी टाकीत एकटी ठेवली. स्वच्छ पाणी, थोडं खडेमीठ, अंधार. चौथ्या दिवशी ती खायला लागली, आणि खायला लागली ती थांबेचना. तीन आठवड्यांत तिचा रंग बदलला. फिकटपणा गेला, पाठीचा पर मागे लांबून टोकदार झाला, काळे डाग फुटून ठिपक्यांची नक्षी उमटू लागली. मी रोज टाकीसमोर बसून बघत होतो आणि रोज थोडं थोडं लक्षात येत होतं, की ही मादी नाही.

सिक्लिडमध्ये हरलेला नर स्वतःला लपवतो. रंग उतरवतो, पर मिटून ठेवतो, मादीसारखा दिसतो. आफ्रिकेतल्या काही सिक्लिडवर याचा बारकाईने अभ्यास झालेला आहे. दबलेल्या नराचा भडक रंग जातो आणि त्याचे वृषणसुद्धा आक्रसतात. वरचढ नर बाजूला झाला की रंग परततो, काही वेळा तर मिनिटांत. म्हणजे आठ महिने मी जिला मादी समजत होतो, तो मार खाऊन लहान राहिलेला नर होता. मी त्याला मादी समजलो म्हणूनच मार खाण्यासाठी त्याच टाकीत ठेवलं होतं. आकार लहान, रंग फिका, पर आखूड, ही सगळी खूण मादीची नव्हती, हरण्याची होती. आणि हरण्याला कारण मी दिलेली टाकी होती. मानाग्वा सरोवरात हरलेला मासा पोहत दूर जातो. माझ्या चार फुटी टाकीत दूर असं काही नव्हतं.

(मानाग्वा म्हणजे निकाराग्वातलं सरोवर. जॅग्वारचं शास्त्रीय नाव, पॅराक्रोमिस मानाग्वेन्सिस, त्याच्यावरूनच पडलं. १८६७ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ गुंथरने या माशाचं पहिलं वर्णन केलं. तिकडे याला ग्वापोते तिग्रे म्हणतात, म्हणजे वाघ ग्वापोते, आणि लोक तो आवडीने खातात. फिलिपिन्समध्ये तो माणसांच्या हातून तळ्यांत गेला आणि आता तिथे पसरला आहे. म्हणूनच कंटाळा आला म्हणून कुणी तो उल्हास नदीत किंवा गावच्या तलावात सोडू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.)

खात्री हवी होती. ऑक्टोबरमध्ये काका आले आणि त्यांनी मला पोटाखालून बघायला शिकवलं. हे मी सविस्तर लिहितो, कारण मोठ्या सिक्लिडमध्ये दोन्ही डोळ्यांना पटेल असा पुरावा बहुतेक वेळा एवढाच असतो. ऑस्करमध्ये तर नर-मादी बाहेरून जवळजवळ सारखेच दिसतात. फ्लॉवरहॉर्नच्या डोक्यावरच्या टेंगळावरून लोक नर ठरवतात, पण टेंगूळ असलेल्या माशाने अंडी घातलेली मी स्वतः पाहिली आहेत.

आदल्या दिवशी माशाला उपाशी ठेवलं. पाण्यात हात घालण्याआधी हीटरची पिन काढली. ही सवय काकांनी पहिल्यांदा लावली, कारण मोठा सिक्लिड शेपटीच्या एका फटक्यात हीटरची काच फोडू शकतो. घमेल्यात टाकीचंच पाणी, शेजारी त्याच पाण्यात भिजवलेला सुती पंचा. कोरड्या हाताने मासा धरायचा नाही, अंगावरचा चिकट थर निघून जातो आणि मग बुरशी धरते. काकांनी बारक्याला जाळ्यात घेतलं, पाठीच्या काट्यांवर हात न पडेल असं पंचात गुंडाळलं, डोळे झाकले आणि हळूच उताणा केला. डोळे झाकल्याबरोबर तो शांत झाला. मी टॉर्च धरली आणि मोबाइलने फोटो काढले.

पोटाच्या मागच्या बाजूला, गुदाजवळचा पर सुरू होण्याच्या आधी, एकामागोमाग दोन छिद्रं असतात. डोक्याकडचं गुदद्वार, शेपटीकडचं जननछिद्र. नराचं मागचं छिद्र पुढच्याच्या एवढं किंवा त्याहून बारीक, आणि तिथला उंचवटा लहान, टोकदार, मागे झुकलेला. मादीचं मागचं छिद्र पुढच्यापेक्षा मोठं, रुंद, बोथट, कारण तिथून अंडं बाहेर पडायचं असतं. सगळं मिळून पंधरा-वीस सेकंद, लगेच मासा पाण्यात. पाहणी पाण्याबाहेर करायचीच नाही. फोटो काढायचा, मासा सोडायचा आणि मग निवांत मोठा करून बघायचा.

काका एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. एकट्या माशाचा फोटो बघून काही ठरवू नकोस. दोन-तीन माशांचे फोटो शेजारी ठेव, फरक आपोआप दिसेल. तसंच झालं. बारक्या आणि मोठा, दोघांचे फोटो एकमेकांची नक्कल असावी तसे. मग काकांनी स्वतःच्या मोबाइलमधला फोटो दाखवला. मी दिलेल्या तिघांपैकी एकीचा. मागचं छिद्र चांगलं रुंद, आडवं, पुढच्याच्या दीडपट. ती मादी होती! पाचांमधली आकाराने दुसरी. जिला मी मधली म्हणून देऊन टाकलं ती मादी, आणि जिला मादी म्हणून जपलं तो नर.

काकांनी ती मधली परत दिली, एका अटीवर. आधी घर बांध.

घर म्हणजे सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी, १२ मिलिमीटर काचेची. बाहेरच्या मापाने साधारण ६८० लिटर, वरचे तीन इंच रिकामे सोडले तरी पाणी ५५० लिटरच्या आसपास. काच सव्वाशे किलो, वर वाळू, दगड, लोखंडी अँगलचं स्टँड. आठशे किलोच्या वर जातं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. राहत्या घराच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात धरलेला वापराचा भार चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो आहे. टाकीखाली तो साडेतीन पटींच्या पुढे जातो. म्हणून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलावून विचारलं. त्यांनी बीम कुठून जातो ते दाखवलं आणि टाकीची लांब बाजू त्याच भिंतीला लावायला सांगितली. हॉलमध्ये शोभेल तिथे मला ठेवायची होती. जिथे पेलेल तिथे ठेवली.

आत शहाबादी फरशीचे तुकडे. ही फरशी चुनखडीची, पाणी किंचित जड करते, आणि मध्य अमेरिकेच्या सिक्लिडला आमच्या नळाच्या मऊ पाण्यापेक्षा ते बरं. दगड आधी तळाच्या काचेवर टेकवले, वाळू नंतर ओतली. उलट केलं तर हे मासे खालची वाळू उकरतात आणि दगड काचेवर कोसळतो. हीटर भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपात. दर रविवारी चाळीस टक्के पाणी बदल, क्लोरिन मारायला हायपो. फिल्टरविषयी एवढंच, की दुकानदार सांगेल त्याच्या दुप्पट घ्या.

टाकी मधोमध फॉल्स सीलिंगच्या दिव्याखाली बसवतात त्या चौकोनी प्लास्टिकच्या जाळीने अडवली. मोठा एका बाजूला, मधली दुसऱ्या. जाळी मी रबरी चकत्यांनी काचेला चिकटवली होती.

तीच चूक ठरली. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका पहाटे साडेतीनला थड थड असा आवाज आला. दिवा लावला तर जाळी तिरकी झालेली, आणि जाळी व मागची काच यांच्यामध्ये मधली अडकलेली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. मोठा उघड्या बाजूने येऊन येऊन तिला टोचत होता. तिचा डावा डोळा दुधासारखा पांढरा झाला होता. मी जाळी ओढून काढली आणि तिला हातांच्या ओंजळीत घेतलं. ती हातात हलतसुद्धा नव्हती. फक्त कल्ले चालू होते.

आणि तेव्हा मला कळलं, की तिला ठेवायला घरात जागाच नाही. तीन फुटी टाकीत बारक्या होता. चार फुटी टाकी मी जागा होत नाही म्हणून विकून टाकली होती. बायकोने बाल्कनीतलं निळं पिंप आत आणलं, आम्ही दोघांनी टाकीतलं शंभर लिटर पाणी बादल्यांनी त्यात ओतलं. मोठ्या टाकीत कायम चालू असणारा स्पंज फिल्टर उचलून पिंपात सोडला. त्यात घाण पचवणारे जिवाणू तयार होते म्हणून माशाच्या मलमूत्रातला विषारी अमोनिया चढला नाही. दोनशे ग्रॅम खडेमीठ विरघळवून घातलं, वर पुठ्ठा झाकला. पुढचे अठरा दिवस ती त्या पिंपात होती. रोज पंचवीस लिटर पाणी बदलायचो, आणि जेवढं काढलं तेवढ्याच पाण्यापुरतं मीठ परत. आई रोज सकाळी पुठ्ठा उचलून बघायची आणि मला हाक मारून सांगायची, "श्वास घेते आहे रे." आई मालवणची. काळुंदर हा आपल्या खाड्यांमधला सिक्लिडच आहे हे मी तिला याच दिवसांत सांगितलं, आणि जॅग्वारकडे बघायची तिची नजर बदलली. आठव्या दिवशी मधलीने कोळंबीचा तुकडा घेतला. डोळा महिन्याभरात निवळला, पूर्ण नाही. अजून त्यात एक पांढरा ठिपका आहे.

त्या अठरा दिवसांत मी तीन कामं केली. मोठ्याला तात्पुरता काकांकडे पाठवून टाकी रिकामी केली आणि काचेच्या पट्ट्या सिलिकॉनने चिकटवून जाळीसाठी पक्की खाच केली. सिलिकॉनचा आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरलं नाही. दुसरं, जाळीला खिडकी कापली. मधलीच्या अंगाची उंची आठ सेंटिमीटर, मोठ्याची बारा. खिडकी नऊ उंच आणि पाच रुंद. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासल्या, खवले अडकू नयेत म्हणून. तिसरं, बारक्यासाठी नवी चार फुटी टाकी आणली आणि मोठ्या टाकीच्या शेजारीच लावली. तीन फुटी टाकी तेव्हापासून पाणी भरून, फिल्टर चालू ठेवून रिकामी ठेवली आहे. पाहुणे विचारतात, हिच्यात मासे का नाहीत? मी सांगतो, ही दवाखान्याची खाट आहे.

शेजारी ठेवलेल्या बारक्याचा असा उपयोग होईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मोठ्याला काचेपलीकडे दुसरा नर दिसू लागला आणि त्याचा सगळा राग तिकडे वळला. दिवसातून चार-पाच वेळा दोघं काचेला काच लावून कल्ले फुगवायचे, आणि नंतर मोठा जाळीपाशी येऊन मधलीसमोर अंग थरथरवायचा. एकदा मी बारक्याला त्रास नको म्हणून मध्ये पुठ्ठा लावला. दोन दिवसांत मोठा जाळीवर धडका मारायला लागला. पुठ्ठा काढला, धडका थांबल्या. आता अर्ध्या काचेला कागद लावला आहे. बारक्याला नको असेल तेव्हा तो कागदामागे जातो, हवं तेव्हा पुढे येतो.

मधली पहिल्यांदा खिडकीतून पलीकडे गेली ती एप्रिलमध्ये. डोकं घातलं, थांबली, परत आली. असं कितीतरी वेळा. मग एकदा पूर्ण गेली, मोठ्याने शेपटीने तिच्या तोंडावर पाणी मारलं, तिनेही मारलं, दोघांनी जबडे धरून ओढाओढ केली. माझा हात टाकीच्या झाकणावर होता. पण या वेळी ती हरत आली तेव्हा सरळ वळली आणि खिडकीतून आपल्या घरी गेली. मोठा खिडकीपाशी आला, तोंड घातलं, अडकलं, मागे झाला. दहा मिनिटांनी ती परत गेली.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात तिने तिरक्या लावलेल्या शहाबादीवर अंडी घातली. दोन दिवस आधी दोघांनी मिळून फरशी तोंडाने घासून स्वच्छ केली होती, आणि तिचं ते मागचं छिद्र आता न उचलता, काचेतूनच दिसत होतं, बोथट नळीसारखं खाली आलेलं. ती फरशीला पोट टेकवून वर सरकायची, मागे अंड्यांची ओळ राहायची, मग तो तसाच सरकायचा. हजाराच्या पुढे असतील. काही दुसऱ्या दिवशी पांढरी पडली, ती तिने वेचून खाल्ली. पाणी अठ्ठावीस अंशांवर होतं. तिसऱ्या दिवशी अंडी फुटली, त्यांनी पिल्लं वाळूतल्या खड्ड्यात नेऊन ठेवली, आणि आठव्या दिवशी ती धुरासारखी वर उठली. मधली त्यांच्या मधोमध, अंगाने जवळजवळ काळी झालेली, पांढऱ्या ठिपक्याचा डोळा माझ्याकडे.

पिल्लांना आर्टेमिया, म्हणजे कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव, उबवून घालत होतो. साठेक पिल्लं वेगळी काढून वाढवली, बाकीची आईबापांपाशीच राहिली आणि दिवसागणिक कमी होत गेली. नंतर तिने दोनदा अंडी घातली, ती पिल्लं मी वेगळी काढली नाहीत. जेवढ्यांना घर मिळेल तेवढीच वाढवायची असं ठरवलं आहे. पिल्लं मागायला लोक येतात. मी त्यांना टाकीचा फोटो मागतो, आणि त्यानंतर विचारतो, दुसरी टाकी कुठे आहे? गेल्या महिन्यात डोंबिवलीतलाच एक कॉलेजचा मुलगा आला होता. त्याने दोन फोटो दाखवले. दुसऱ्या टाकीत नुसतं पाणी होतं आणि फिल्टर चालू होता. त्याला मी सहा दिली.